तारा निघाल्यानंतर : सरळ दातांचा योगक्षेम

(रुग्णालयाच्या दंतविभागाने भरविलेल्या पालक व देणगीदार मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दंतविभागाच्या मेळाव्यात दातांविषयी बोलण्याचा मान खरे तर डॉक्टरांचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझी उमेद रोजकीर्द आणि खतावणी सांभाळण्यात गेली. तरीही विभागातील तज्ज्ञांनी आज मला उभे केले आहे. त्यांचे म्हणणे असे की, "तारा काढल्यानंतर रिटेनर वापरा हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. आता तेच हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडून लोकांना ऐकू द्या." माझ्या बोलण्यात जे वैद्यकीय आहे ते मी त्यांच्याकडून समजून घेतले असून त्यांनीच ते तपासून दिले आहे. जे हिशेबाचे आहे त्याची जबाबदारी माझी.

आमच्या पैसे भरण्याच्या खिडकीवर एक प्रश्न नेहमी येतो. दोन वर्षे मुलीला घेऊन नियमाने येणारी आई, तारा काढल्याच्या दिवशी शेवटची पावती हातात घेते आणि विचारते, "साहेब, तार निघाली, पैसे फिटले. मग आता ही प्लेट कशाला? आणि पुन्हा यायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. ज्या कुटुंबाला एका भेटीसाठी एक रोज बुडवावा लागतो, त्याने प्रत्येक फेरीचे कारण विचारलेच पाहिजे. आजचे माझे बोलणे हे त्या मातेच्या प्रश्नाला द्यावयाचे सविस्तर उत्तर आहे असे समजावे.

हिशेबशास्त्रात खर्चाचे दोन मुख्य प्रकार शिकवितात. इमारत बांधली, यंत्र घेतले, हा भांडवली खर्च. इमारतीची डागडुजी केली, यंत्राचे तेलपाणी केले, हा महसुली खर्च. भांडवली खर्चाचा समारंभ होतो, कोनशिला बसते, छायाचित्रे निघतात. तेलपाण्याला कोनशिला नसते. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते; त्या यंत्राच्या वार्षिक देखभालीच्या करारावर आपले नाव असावे, अशी इच्छा मला आजवर कोणी बोलून दाखविलेली नाही. तरीही ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी वीज जाते तेव्हा जनरेटर सुरू होतो तो पाटीमुळे नव्हे, देखभालीमुळे.

आपल्या परंपरेत या दोन्ही गोष्टींना सामावून घेणारा एक जोडशब्द आहे, योगक्षेम. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यामुळे तो घराघरांत पोहोचला. जे आपल्यापाशी नाही ते प्राप्त होणे म्हणजे योग आणि जे प्राप्त झाले त्याचे रक्षण होणे म्हणजे क्षेम, असा अर्थ भाष्यकारांनी दिला आहे. तारांनी दात सरळ झाले, तो योग. ते सरळ राहावेत म्हणून जे करावयाचे, तो क्षेम. रिटेनर हे त्या क्षेमाचे साधन आहे.

आता मूळ मुद्दा. एकदा सरळ झालेला दात पुन्हा वाकडा होतोच कसा?

दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात घट्ट बसलेला नसतो. त्याचे मूळ आणि भोवतालचे हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेचा हलका पण सततचा दाब पडला की, दात ज्या दिशेला ढकलला जातो त्या बाजूचे हाड हळूहळू विरत जाते आणि मागच्या बाजूला, जिथे तंतूंवर ताण येतो तिथे, नवे हाड तयार होऊ लागते. अशा रीतीने दात हाडातून वाट काढीत पुढे सरकतो. तारा काढल्या त्या दिवशी दात नव्या जागी पोहोचलेला असतो. पण तो तिथे स्थिरावलेला नसतो. मुळाभोवतीच्या तंतूंची नव्याने जुळणी होण्यास साधारणपणे तीन ते चार महिने लागतात. हिरडीतील तंतूंना त्याहून अधिक काळ लागतो. हिरडीतील काही लवचिक तंतू तर वर्ष उलटले तरी ताणलेलेच राहू शकतात.

घर बांधलेल्या प्रत्येकाला हे सहज कळेल. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी खालचे सेंट्रिंग काढून घेत नाही. वरून स्लॅब सपाट आणि पुरा झालेला दिसतो. परंतु तो अजून स्वतःचा भार पेलण्याइतका पक्का झालेला नसतो. रिटेनर हे तोंडातले सेंट्रिंग आहे.

नॉर्वेतील संशोधक कोरे रेटान यांनी १९५९ मध्ये या विषयावरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुत्र्यांचे दात स्वतःभोवती फिरवून त्यांनी ते नव्या स्थितीत धरून ठेवले आणि भोवतालच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. २३२ दिवस धरून ठेवल्यानंतरही हिरडीतील तंतू जागचे सरकलेले व ताणलेलेच आढळले. म्हणजे साडेसात महिन्यांनंतरही दाताला मागे ओढणारी शक्ती शिल्लक होती. जे दात मुळात स्वतःभोवती फिरलेले होते, आणि ज्या पुढच्या दातांमध्ये फट होती, ते मागे जाण्याची शक्यता विशेष असते, असे आमचे डॉक्टर सांगतात, त्याच्यामागे हे कारण आहे.

यावर कोणी म्हणेल, ठीक आहे, वर्षभर प्लेट घालू, पुढे काय? येथे स्लॅबची उपमा संपते, कारण स्लॅब एकदा पक्का झाला की झाला. दातांचे तसे नाही.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून त्यांच्या दातांचे साचे तपासण्याचे काम चिकाटीने केले. उपदाढा काढून उपचार झालेल्या आणि रिटेनर सोडून किमान १० वर्षे लोटलेल्या ६५ रुग्णांचा अभ्यास त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. खालच्या पुढच्या दातांची रांग समाधानकारक राहिलेले रुग्ण ३० टक्क्यांहूनही कमी निघाले. पुढे १९८८ मध्ये त्यांपैकी ३१ जणांचे, रिटेनर सोडून २० वर्षे झाल्यानंतरचे, चित्र त्यांनी मांडले. तेव्हा स्वीकारार्ह म्हणता येईल अशी रांग सुमारे १० टक्के रुग्णांतच उरली होती. आकडे मोजक्या रुग्णांचे आहेत, हे मी हिशेबनीस म्हणून आपल्या नजरेस आणून देतो. परंतु त्या अभ्यासानंतर तज्ज्ञांची विचार करण्याची दिशाच बदलली. "दोन वर्षे रिटेनर घाला आणि विसरा" हा जुना सल्ला मागे पडला.

याचा अर्थ उपचार फसले असा मात्र करू नये. ज्यांनी आयुष्यात कधीही तारा लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे पटाशीचे दात वयाबरोबर एकमेकांवर चढू लागतात. जबड्याची ठेवण तारुण्यानंतरही सूक्ष्म प्रमाणात बदलत राहते. ओठ, गाल आणि जीभ यांचा दाब रात्रंदिवस चालूच असतो. सभागृहात माझ्यासारखे पन्नाशी ओलांडलेले जे कोणी असतील त्यांनी आज घरी गेल्यावर आरशात आपले खालचे दात पाहावेत आणि शक्य असल्यास लग्नातील छायाचित्राशी ताडून पाहावेत. केस पांढरे होतात, दृष्टीला चाळिशी लागते, तसेच हे आहे. रिटेनर वयाची ही चाल थांबवितो, म्हणून तो दीर्घकाळ लागतो.

येथे एका समजुतीचे निराकरण करणे आवश्यक वाटते. "अक्कलदाढ आली आणि तिने दात पुढे ढकलले, तार वाया गेली," असे अनेक पालक सांगतात. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, उपचार पूर्ण झालेल्या काही रुग्णांच्या अक्कलदाढा काढण्यात आल्या व काहींच्या तशाच ठेवण्यात आल्या. पुढील काही वर्षांत दोन्ही गटांतील खालच्या दातांच्या गर्दीत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. केवळ पुढच्या दातांची गर्दी टाळावी म्हणून अक्कलदाढ काढणे समर्थनीय नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अक्कलदाढ किडली, हाडात अडकून दुखू लागली, तर ती काढण्याचा सल्ला डॉक्टर देतील. तो प्रश्न वेगळा. रिटेनर पेटीत पडून राहिल्याचा दोष तिच्या माथी मारण्यात मात्र अर्थ नाही.

रिटेनर तीन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे आपण ज्याला साध्या भाषेत प्लेट किंवा क्लिप म्हणतो तो. टाळूवर बसणारी अ‍ॅक्रिलिकची पट्टी आणि पुढच्या दातांवरून जाणारी एक तार. अमेरिकेतील दंतवैद्य चार्ल्स हॉली यांनी १९१९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि शंभराहून अधिक वर्षे तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो टिकाऊ असतो, तार थोडी घट्ट वा सैल करता येते. मात्र पहिले काही दिवस उच्चार किंचित बोबडे होतात. घरी रोज दहा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, जीभ लवकर सरावते. दुसरा प्रकार पारदर्शक प्लॅस्टिकचा, दातांवर टोपणासारखा बसणारा. १९९३ मध्ये अमेरिकेतील डॉ. शेरिडन यांनी त्याचा पुरस्कार केला. तो चटकन दिसून येत नाही म्हणून मुलामुलींना आवडतो. पण उष्णतेने वाकतो, झिजतो आणि लवकर बदलावा लागतो. तिसरा प्रकार कायम बसविण्याचा. पुढच्या दातांच्या आतल्या, म्हणजे जिभेकडील बाजूला एक बारीक तार चिकटवितात. ती विसरण्याचा प्रश्नच नसतो. पण स्वच्छतेचे काम वाढते.

यांपैकी सर्वश्रेष्ठ कोणता, हे निर्विवादपणे सांगण्याइतका पुरावा नाही, असाच निष्कर्ष कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वंकष आढाव्यातून निघाला. म्हणून दात कोणत्या स्थितीत होते, मूल किती जबाबदारीने वागते, घर किती लांब आहे, हे पाहून तज्ज्ञ निवड करतात. किती तास घालावयाचा, हेही तेच ठरवितात. सर्वसाधारणपणे पहिले काही महिने जेवण आणि दात घासणे एवढा वेळ सोडून दिवसरात्र, आणि नंतर फक्त रात्री, अशी पद्धत आढळते. काहींना आरंभापासून रात्रीचाच वापर पुरेसा ठरतो. शेजारच्या मुलाला काय सांगितले आहे ते पाहू नये. आपल्या केसपेपरवर लिहिले असेल तेच आपल्यासाठी खरे. आणि "किती वर्षे?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एकच आहे. दात सरळ असावेत असे जितकी वर्षे वाटते, तितकी वर्षे, निदान रात्री.

आता घरातल्या व्यवहाराच्या गोष्टी. मुलांनो, हा भाग तुमच्यासाठी.

रिटेनर हरवतो तो बहुधा जेवणाच्या वेळी. शाळेत डबा खाताना तो कागदात गुंडाळून बाजूला ठेवला जातो आणि कागद उष्ट्या-खरकट्याबरोबर टोपलीत जातो. लग्नाच्या पंगतीत पत्रावळीशेजारी ठेवला की वाढपी पत्रावळीसह उचलून नेतो. यावर आमच्या परिचारिका भगिनींनी एक सोपा नियम केला आहे. रिटेनर एक तर तोंडात, नाही तर डबीत. त्याला तिसरी जागा नाही. खिशात नाही, उशीखाली नाही, बेसिनच्या कडेवरही नाही. घरात कुत्रा असेल तर विशेष काळजी घ्यावी. लाळेच्या वासाने तो ती वस्तू हमखास चघळतो.

स्वच्छतेसाठी साधे थंड पाणी, मऊ ब्रश आणि लागल्यास भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एखादा थेंब पुरतो. टूथपेस्टने पारदर्शक रिटेनरवर ओरखडे पडतात. आपल्या घरांत निर्जंतुक करावयाचे म्हटले की उकळत्या पाण्यात टाकण्याची सवय आहे. येथे ती घातक ठरते, कारण गरम पाण्याने आकार बिघडतो आणि बिघडलेला आकार पुन्हा येत नाही. रिटेनर तोंडात ठेवून गरम चहाही पिऊ नये.

एखाद-दुसरी रात्र राहून गेली आणि दुसऱ्या दिवशी रिटेनर आवळल्यासारखा वाटला, पण पूर्ण बसला, तर वापर लगेच चालू करावा. तो आवळणे हीच दात हलू लागल्याची सूचना असते. तो नीट बसतच नसेल तर दाबून बसवू नये, तुटेल किंवा दाताला इजा होईल. दोनचार दिवसांत विभागात यावे. हरवला तर रागावण्याच्या भीतीने घरी लपवू नये. पालकांनाही माझी विनंती आहे की, त्या क्षणी रागावू नये. मूल रागाच्या भीतीने महिनाभर गप्प बसले, तर तेवढ्या अवधीत दात आपली जागा सोडतात. नवा रिटेनर करण्याचा खर्च, पुन्हा तारा लावण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

ज्यांना आतून कायमची तार बसविली आहे त्यांनी पुढच्या दातांनी ऊस सोलू नये, चिक्की फोडू नये, कडक पेरू चावू नये. तारेभोवती कीटण साचते, म्हणून दातांच्या फटींत जाणारा बारीक ब्रश वापरावा आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी तपासणी करून घ्यावी. या तारेचा एक टाका सुटला तर दुखत नाही, दिसतही नाही. एकच दात गुपचूप सरकू लागतो. कधी कधी वाकलेली तार स्वतःच दात भलतीकडे ढकलते. जिभेला टोक लागले किंवा तार हलते आहे असे वाटले, की त्याच आठवड्यात यावे.

आणि एक गंभीर इशारा. पुढच्या दातांत पुन्हा फट पडलेली पाहून काही जण घरच्या घरी दोन दातांभोवती रबरबँड घालतात. दाताचे मूळ खाली निमुळते असते; त्यामुळे तो रबर घसरत हिरडीत शिरतो, मुळाच्या टोकाकडे सरकतो आणि आधाराचे हाड नष्ट करतो. चांगले निरोगी दात अशाने गमावण्याची वेळ आलेली आहे. हा प्रयोग कृपा करून कोणीही करू नये.

वर सांगितलेले सर्व आमच्या माहितीपत्रकातही छापलेले असते. मग मुले रिटेनर का सोडतात? याचा विचार केवळ मुलांना बोल लावून पुरा होत नाही.

आमच्याकडे उपचार घेतलेली एक मुलगी बारावीनंतर शिक्षणासाठी शहरातील वसतिगृहात राहावयास गेली. एका खोलीत चौघीजणी. रात्री प्लेट घातली की इतर मुली हसतात म्हणून तिने ती पेटीच्या तळाशी ठेवून दिली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा प्लेट बसेना. तिची आई तिला लगोलग घेऊन आली. दात थोडेच हलले होते, म्हणून तज्ज्ञांना ते लहानशा उपायाने पूर्ववत करता आले. त्या मुलीने त्या वेळी सांगितलेले एक वाक्य माझ्या मनात राहिले आहे. ती म्हणाली, "तार होती तेव्हा सगळे विचारायचे. निघाल्यावर कुणी विचारलंच नाही."

पालकहो, दोष असेल तर तो या न विचारण्यात आहे. तारा चारचौघांत दिसतात. शिक्षक विचारतात, आजी विचारते, शेजारी विचारतात. रिटेनर रात्री अंधारात घालावयाचा असतो. त्याची चौकशी करणारे कोणी उरत नाही.

लग्नाच्या वयाच्या मुलींच्या बाबतीत हे अधिक खरे आहे. "लग्नाच्या आधी तार निघाली पाहिजे," असे सांगत अनेक आया येतात. तारा निघतात, लग्न होते, मुलगी सासरी जाते. डबी मात्र माहेरच्या कपाटात राहते. सासरी ती वस्तू पाहून कवळी समजतील, ही तिची भीती असते. अशा मुलीसोबत आईने डबी तर द्यावीच, पण जावयांनाही दोन शब्दांत कल्पना द्यावी. त्यात लपविण्यासारखे काही नाही. चष्मा लपवीत नाही, तसेच हे.

दुभंगलेले ओठ व टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर हा विषय केवळ दिसण्याचा राहत नाही. टाळूच्या शस्त्रक्रियेचे व्रण वरच्या जबड्याला आत ओढत असतात. महिनोन्‌महिने खपून रुंद केलेला जबडा, धरून ठेवला नाही, तर पुन्हा अरुंद होऊ लागतो. अशा मुलांच्या चावण्याशी आणि बोलण्याशी त्याचा थेट संबंध येतो.

आता मी माझ्या क्षेत्रात, म्हणजे हिशेबात, परत येतो. उपचार दोन वर्षे चालले आणि महिन्याला एक भेट धरली तर २४ भेटी होतात. प्रत्येक भेटीला मूल आणि पालक अशी दोन माणसे, जाणे आणि येणे, म्हणजे ९६ तिकिटे. शिवाय २४ दिवसांचा बुडालेला रोज आणि मुलाची तितक्याच दिवसांची बुडालेली शाळा. यातले काहीही आमच्या पावतीपुस्तकात नोंदले जात नाही. सवलतीच्या उपचारात पैसा देणगीदाराचा असतो, ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली देणगी त्या कुटुंबाने ९६ तिकिटांच्या रूपाने दिलेली असते. दात मागे गेले तर दोन्ही देणग्या बुडतात. तेच मूल पुन्हा उपचारासाठी आले, तर प्रतीक्षायादीतील एका नव्या मुलाची पाळी पुढे जाते. म्हणजे एका डबीच्या विस्मरणाची किंमत दुसऱ्या घरचे मूल मोजते.

आपण सारे जाणता की, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना देयकांच्या रकमेतील २ टक्के वाटा निर्धन रुग्ण निधीत जमा करावा लागतो. त्या निधीकडे हृदयाचे, मूत्रपिंडाचे, अपघाताचे कागद येतात. त्या ढिगात प्लेटचा कागद तळाशी जातो, आणि माणसाचा जीव आधी पाहावयाचा असल्यामुळे ते योग्यच आहे. म्हणूनच या लहान खर्चाची सोय वेगळी केली पाहिजे, असे माझे मत आहे. त्या दृष्टीने विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना अंदाजपत्रकाची. सवलतीच्या कोणत्याही रुग्णाचे अंदाजपत्रक करताना पहिला रिटेनर आणि तारा काढल्यानंतरच्या वर्षभराच्या तपासण्या त्यात आरंभीच धराव्यात. तारा निघाल्या म्हणून केसपेपर बंद करू नये. वर्षअखेरची तपासणी झाल्यावरच "उपचार पूर्ण" असा शेरा पडावा.

दुसरी सूचना निधीची. हरवलेल्या वा झिजलेल्या रिटेनरच्या बदलीसाठी दंतविभागात एक छोटा स्वतंत्र निधी असावा. बदली अगदी फुकट नसावी. कुटुंबाने झेपेल तेवढा वाटा उचलावा, म्हणजे वस्तूची किंमत राहते. परंतु पैशाअभावी कोणाचे दात मागे जाता कामा नयेत. देणगीदारांना माझी प्रार्थना आहे की, या निधीला हातभार लावावा. त्यावर पाटी लावण्याइतकी जागा नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

तिसरी सूचना विचारपूस करण्याची. तपासण्या दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत ठेवाव्यात, म्हणजे शाळा बुडणार नाही आणि वसतिगृहातील मुले गावी आलेली असतील. जे येणार नाहीत त्यांना विभागातून एक दूरध्वनी जावा आणि त्यात एवढेच विचारावे, "प्लेट बसते ना?" जे शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्नानंतर दुसऱ्या गावी जातात, त्यांच्या हाती दातांचा शेवटचा साचा अथवा त्याची संगणकीय नोंद आणि एक पत्र द्यावे; म्हणजे तेथील दंतवैद्याला नव्याने आरंभ करावा लागणार नाही.

या तिन्ही गोष्टींना मोठी यंत्रे लागत नाहीत. एक नोंदवही, एक दूरध्वनी आणि थोडी चिकाटी एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे. ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला इमारती, यंत्रे आणि ठेवी दाखविता येतात. आपल्या रुग्णालयातून सरळ दात घेऊन बाहेर पडलेले मूल तिथे दाखविता येत नाही. पण दहा वर्षांनंतरही त्याचे दात तसेच असले, तर आपण दिलेला पैसा जागेवर आहे असे मी समजेन.

आज येथे जमलेल्या मुलामुलींपैकी ज्यांच्या तारा अलीकडेच निघाल्या आहेत, त्यांना विभागातर्फे डब्या दिल्या जाणार आहेत. चहापानाला जाण्यापूर्वी त्या अवश्य घ्याव्यात आणि खाण्याच्या वेळी लगेच उपयोगात आणाव्यात.